संतोष कशात, असंतोष कशाचा?

दोन वर्षांपूर्वीच्या लक्ष्मीपूजनाची ही गोष्ट आहे. सकाळी बस्तीत भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाची पूजा झाली होती. सायंकाळी निपाणीतील आमच्या पेढीवर प्रतिवर्षीप्रमाणे गादीला नवी पांढरी खोळ चढली, चौरंगावर वह्या मांडल्या गेल्या, आणि पहिल्या पानावर श्रीकार लिहून स्वस्तिक काढण्याचा मान या वर्षी थोरल्या मुलाला द्यावा असे आम्ही मनाशी ठरविले. पूजा यथासांग पार पडली. दिवाणजी, तोलाईदार, हमाल या सर्वांना दिवाळीची बक्षिसी वाटून झाली. माणसे पांगल्यावर मुलगा जवळ येऊन बसला आणि खाली पाहून म्हणाला, "अण्णा, रागावणार नसाल तर एक बोलतो. या गादीवर बसून मला समाधान वाटत नाही. आपल्या घरात तंबाखूला कोणी हात लावीत नाही, आणि आजोबांपासून आपण तीच विकत आलो. मला दुसरे काही करून पाहायचे आहे."

आम्ही जे उत्तर दिले ते आमचे नव्हतेच. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनी आम्हांस जे ऐकविले होते तेच जसेच्या तसे आमच्या तोंडून बाहेर पडले: "दोन वेळचे मिळते आहे ना? मग समाधान मानून घ्यावे." मुलगा काही न बोलता उठून गेला. त्या रात्री सामायिकास बसलो, परंतु चित्त स्थिर होईना. तरुणपणी आमच्याही मनात एक हेतू होता. वडिलांचे बोल ऐकून तो आम्ही गिळून टाकला आणि पुढे त्याची नोंद वहीच्या कोणत्याही पानावर झाली नाही. चाळीस वर्षे ज्याला आम्ही समाधान समजत आलो ते खरोखर समाधान होते, की नुसता दम संपला होता, हा प्रश्न त्या रात्री प्रथमच समोर उभा राहिला. त्या प्रश्नाचा जो विचार पुढे घडला तो आपल्या संघाच्या सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

दोन असंतोष

असंतोष हा शब्द एक असला तरी त्याने दाखविल्या जाणाऱ्या वस्तू दोन आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच घराघरांत वाद होतात. एक असंतोष शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहतो, तर दुसरा स्वतःच्या हाताकडे. "त्याच्याजवळ आहे ते माझ्याजवळ का नाही?" हा पहिल्याचा प्रश्न. "माझ्या हातून जे व्हावयास हवे ते का होत नाही?" हा दुसऱ्याचा.

पहिल्या असंतोषाची उदाहरणे शोधण्यास व्यापाऱ्याला दूर जावे लागत नाही. शेजारच्या दुकानाची फरशी बदलली म्हणून कर्ज काढून आपली फरशी बदलणारा, एका हंगामात भाव चढले म्हणून पुढच्या हंगामात घरचे दागिने गहाण ठेवून माल भरणारा, वीस वर्षांच्या सचोटीच्या व्यापारापेक्षा सट्ट्याच्या वीस दिवसांवर अधिक भरवसा ठेवणारा, ही माणसे प्रत्येक पेठेने पाहिलेली आहेत. अशा असंतोषाला आपल्या शास्त्रकारांनी लोभ म्हटले आहे आणि क्रोध, मान, माया यांच्या पंक्तीस बसवून त्याची चार कषायांत गणना केली आहे. त्याची तरफदारी कोणीही सुज्ञ मनुष्य करणार नाही.

परंतु म्हणून सर्वच असंतोष त्याज्य ठरतो काय? श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. धन, धान्य, भूमी, वस्त्र यांना आपली आपण मर्यादा घालून घ्यावी, असे हे व्रत सांगते. ही मर्यादा वस्तूंना आहे. उद्योगाला, ज्ञानाला किंवा कर्तव्याला ती घातलेली नाही. उलट पंचाचारांत वीर्याचारास स्वतंत्र स्थान आहे, आणि धर्माचरणात आपली शक्ती लपवून न ठेवणे हा त्याचा आशय आहे. याहून बोलके उदाहरण प्रतिक्रमणाचे. दिवसभरात आपल्या हातून घडलेल्या दोषांची आठवण करावी, त्यांची आलोचना करावी आणि उद्या ते घडू नयेत असा संकल्प करावा, हा आपला नित्यनेम. दुकानात जसा रोजमेळ, तसे धर्मात प्रतिक्रमण. रोजमेळ न जमता पेढी बंद करून घरी जाणारा व्यापारी आपण चांगला मानीत नाही. मग स्वतःविषयी रोज थोडे असमाधान वाटणे हे ज्या धर्माने नित्यकर्म ठरविले, त्या धर्माच्या नावाने तरुणाच्या खऱ्या असमाधानाचे तोंड बंद करणे कितपत योग्य होईल?

तात्त्विक चर्चा येथेच थांबवून आपल्याच परिसराकडे वळू. आपल्या मुलुखाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यातील मोठी कामे समाधानी माणसांनी केलेली नाहीत, असे दिसून येते.

बेळगावचे दोन भाऊ

बेळगावात किर्लोस्कर रोड नावाचा रस्ता आहे. माल पाहण्यास किंवा लग्नाच्या खरेदीस म्हणून आपण त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो असू. त्या रस्त्यावर एके काळी एक सायकलींचे दुकान होते, आणि ते दोन भावांचे होते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांना चित्रकलेचा आणि यंत्रांचा नाद होता. वडिलांना तो मार्ग पसंत नव्हता. थोरले बंधू रामुअण्णा यांनी मात्र पैशाची जबाबदारी उचलली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी त्यांना कळून चुकले की, आपली दृष्टी काही रंग नीट ओळखू शकत नाही. रंग न ओळखणारा चित्रकार होणार कसा? त्यांनी चित्रकला सोडली, परंतु मुंबई सोडली नाही. यांत्रिक आरेखन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

शिक्षकाची नोकरी प्रतिष्ठेची होती आणि पगार नियमित होता. समाधान मानून घेण्यास दुसरे काय हवे? तथापि रिकाम्या वेळी हे मास्तर यंत्रशाळेत जाऊन यंत्रे चालविण्यास आणि दुरुस्त करण्यास शिकत राहिले. याच सुमारास मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावी पाठवावयाच्या, आणि बेळगावात रामुअण्णांनी त्या विकावयाच्या व गिऱ्हाइकांना चालविण्यासही शिकवावयाच्या, असा व्यापार दोघा भावांनी सुरू केला. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला प्रारंभ १८८८ या वर्षापासून मोजतो.

पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावी आले. ही गोष्ट सांगताना अपमानाने पेटून उठलेल्या स्वाभिमानी पुरुषाचे चित्र रंगविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ते चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. अपमान ही नुसती ठिणगी असते, आणि सरपण आधी गोळा केलेले नसेल तर ती जागच्या जागी विझून जाते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला त्या दिवशी त्यांच्या हाती यंत्रांची विद्या होती आणि बेळगावात भावाचे चालते दुकान होते. रागाच्या भरात नोकरीवर लाथ मारणारे आणि पुढे जन्मभर त्या लाथेचीच कथा सांगणारे लोकही आपण पाहतो. त्यांचा राग कमी नव्हता. त्यांच्याजवळ सरपण नव्हते.

सायकलींवरून हे बंधू शेतीच्या अवजारांकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. आपल्यासारख्या व्यापाऱ्याने या दोन वर्षांचा हिशेब मनाशी मांडून पाहावा. माल तयार आहे, कामगारांचा पगार चालू आहे, व्याज वाढते आहे आणि एकही नग खपत नाही. ज्याचा असंतोष शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहणारा असतो तो अशा वेळी दुसऱ्याच महिन्यात धंदा बदलतो. येथे मात्र मनुष्य गिऱ्हाइकावर रुष्ट झाला नाही. आपला नांगर अजून पुरेसा चांगला नाही, असे धरून तो पुन्हा पुन्हा सुधारीत राहिला.

यानंतरही एक संकट आले. नव्या उपनगरासाठी कारखान्याची जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना ती सोडण्यास सांगितले. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जमीन व कर्ज देऊ केले. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने व सर्पांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. शाळा अर्धवट सोडलेले तरुण तेथे कुशल यंत्रज्ञ झाले, आणि ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता अशांकडेही पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविण्यात आले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. दृष्टी, बढती आणि जागा अशी तीन दारे त्यांच्या तोंडावर बंद झाली होती. प्रत्येक वेळी त्यांचे असमाधान बंद दारावर धडका देत बसले नाही, तर नवे दार घडवीत गेले.

स्तवनिधीपासून साताऱ्यापर्यंत

असंतोष जसा व्यक्तीचा असतो तसा समाजाचाही असू शकतो. निपाणीपासून जवळच असलेल्या स्तवनिधी क्षेत्री आपण यात्रेस जातो. याच क्षेत्री १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. आण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे सुशिक्षित तरुण तिच्या कार्यात अग्रभागी होते. त्या काळी आपला समाज उपाशी नव्हता. शेतात पीक होते आणि पेठेत दुकान होते. परंतु मुले शिकत नव्हती, आणि याचे ज्यांना असमाधान वाटले त्यांनी ठिकठिकाणी विद्यार्थी-वसतिगृहे उभी केली. आज आपल्यापैकी ज्यांच्या घरी डॉक्टर, वकील, अभियंते आहेत त्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणत्या वसतिगृहात राहून विद्या संपादन केली, याची चौकशी अवश्य करावी.

कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात एक विद्यार्थी होता. बाहुबलीच्या डोंगराजवळच्या कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी शेतकरी जैन कुटुंबात जन्मलेला हा मुलगा म्हणजेच पुढे कर्मवीर म्हणून कीर्ती पावलेले भाऊराव पायगोंडा पाटील. शाळेतील परीक्षांत त्यांना यश लाभले नाही. अस्पृश्यता पाळण्यास नकार दिल्यामुळे त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. ज्या संस्था असंतोषातून जन्मल्या त्याच काही वर्षांत आपल्या नियमांवर संतुष्ट होऊन बसल्या, ही गोष्ट आपण प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. प्रत्येक पिढीच्या समाधानाला पुढच्या पिढीचे असमाधान हेच औषध असते.

भाऊरावांनी पुढे शिकवण्या केल्या, ओगले यांच्या काचकारखान्याचे काम केले, आणि काही वर्षे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री केली. बेळगावात ज्या नांगराला दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नव्हते तोच नांगर आता हा धिप्पाड तरुण गावोगाव फिरून खपवीत होता. व्यापारी या नात्याने त्यांना यश मिळाले होते. तेवढ्यावर समाधान मानले असते तर एक उत्तम विक्रेता म्हणून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. परंतु गावोगावच्या त्या फिरतीत त्यांनी नांगर घेणाऱ्यांकडे पाहिले. पावतीवर अंगठा उठविणारा शेतकरी आणि शाळेच्या वयाची गुरे राखणारी मुले त्यांना दिसली. जमीन नांगरण्याचे साधन आपण देत आहोत, पण या मनांची नांगरट कोण करणार, ही रुखरुख त्यांना लागून राहिली असावी. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवीत आणि श्रम करून शिकत. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. भाऊरावांना १९५९ साली पद्मभूषण किताब मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेची शेकडो विद्यालये व महाविद्यालये आज चालू आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या मुलाला एका वसतिगृहातून बाहेर पडावे लागले त्याने त्या वसतिगृहाविषयी आयुष्यभर तक्रार केली नाही. कोणालाही बाहेर जावे लागणार नाही असे वसतिगृह त्याने बांधले. असंतोषाला याहून सुंदर उत्तर कोणते असू शकेल?

सोलापूरची पेढी

कोणी म्हणेल, ही उदाहरणे कारखानदाराची आणि शिक्षणमहर्षींची झाली, आम्हा पेढीवाल्यांचे काय? म्हणून आणखी एकच उदाहरण देतो. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरी कापसाचा आणि सावकारीचा जुना व्यवसाय होता. कॉलेजचे शिक्षण अपुरे ठेवून ते त्या गादीवर बसले, परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. तेव्हा त्यांनी काय केले? ज्याला रेल्वेच्या कामाची माहिती होती अशा लक्ष्मणराव फाटक नावाच्या एका माजी रेल्वे कारकुनाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले. आपल्याला काय येत नाही, हे ओळखून ते येणारा मनुष्य जोडून घेणे हा त्यांच्या असंतोषाचा पहिला शहाणपणा होय.

पुढे १९१९ साली त्यांनी इतर भागीदारांसह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्या कंपनीचे लॉयल्टी हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपल्या देशात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळला जातो. बलाढ्य इंग्रज कंपन्यांशी त्यांना वर्षानुवर्षे झुंज द्यावी लागली. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे त्यांनी विमानांचा कारखाना काढला. विशाखापट्टणम येथे त्यांनी सुरू केलेल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात तयार झालेले जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. ८ एप्रिल १९५३ रोजी शेठ वालचंद दिवंगत झाले. सोलापूरच्या गादीवर त्यांना वाटलेली अस्वस्थता घरच्या वडीलधाऱ्यांनी "समाधान मान" म्हणून दडपली असती आणि त्यांनी ते ऐकले असते, तर सोलापुरात एक सावकार अधिक झाला असता, इतकेच.

रामुअण्णा कोण होणार?

या थोर पुरुषांच्या कथा वाचून तरुणांना स्फूर्ती मिळते, हे खरे. परंतु आमचे लक्ष आता दुसऱ्याच मनुष्याकडे जाते. तो म्हणजे रामुअण्णा. धाकट्या भावाला चित्रकला शिकावयाची आहे, वडिलांची इच्छा नाही, मुंबईचा खर्च आहे, आणि दोन वर्षांनी तो भाऊ कळवितो की चित्रकला आपल्याला जमणार नाही. आपल्यापैकी किती जणांनी त्या वेळी "बघ, आम्ही सांगत होतो" हे वाक्य उच्चारले नसते? रामुअण्णा तसे वागले नाहीत. त्यांनी बेळगावात सायकली विकल्या आणि अपरिचित लोकांना सायकल शिकविली. असंतुष्ट माणसाचे नाव इतिहासात राहते. त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संतुष्ट माणसाचे नाव फारसे कोणी घेत नाही. वस्तुतः संतोषाचे खरे काम तेच आहे. ज्याला स्वतःसाठी अधिक नको आहे तोच दुसऱ्याच्या धडपडीसाठी आपली गाठ मोकळी करू शकतो. परिग्रहाला मर्यादा घातली म्हणजे जे उरते ते कोठे जावे, याचे एक उत्तर आपल्या घरातील धडपडणारे मूल हे आहे.

आणि हे केवळ घरापुरते नाही. निपाणीकरांना १९८१ साल विसरता येणार नाही. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर तळ ठोकला. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी प्राणास मुकले. त्या दिवसांचा ताळेबंद अनेकांनी अनेक प्रकारे मांडला आहे. व्यापारी म्हणून आम्ही त्यातून एकच बोध घेतला. ज्या असंतोषाला पेढीच्या ओट्यावर बसावयास जागा मिळत नाही तो अखेर रस्त्यावर जाऊन बसतो. शेतकऱ्याचा असो, कामगाराचा असो की पोटच्या मुलाचा असो, त्याचे म्हणणे आधी शांतपणे ऐकून घेतले पाहिजे. ऐकून घेतले म्हणजे सर्वच मान्य केले असे होत नाही.

वहीतील एक पान

आता आरंभीच्या प्रसंगाकडे परत येऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलाला बोलावून तीन प्रश्न विचारले. तुझे असमाधान नेमके कशाचे आहे? त्यासाठी तुझ्या हाताला काय येते? आणि फळ दिसेपर्यंत किती दिवस धीर धरशील?

त्याने खिशातून एक लहान वही काढली. त्याला लाकडी घाण्यावर शेंगतेल काढावयाचे होते. आम्हांस पत्ता नसताना आठ महिने दर रविवारी तो एका परिचितांच्या घाण्यावर जाऊन काम शिकत होता. कोणत्या गावची शेंग, किती किलो दाणे, किती तेल, पेंड किती, मजुरी किती, तेल किती दिवस टिकले, असा सर्व तपशील त्या वहीत तारीखवार लिहिलेला होता. अक्षर वाईट होते, पण बेरजा बरोबर होत्या. शेवटच्या पानावर त्याच्याच हाताने लिहिले होते, "तिसऱ्या आठवड्याचे तेल खवट झाले. चूक माझी. दाणे नीट वाळले नव्हते." ते वाचून आमचा राग संपूर्ण मावळला. ज्याला स्वतःची चूक अशी मांडता येते त्याचा असंतोष दुसऱ्याच्या ताटाकडे पाहणारा नाही, हे आम्ही ओळखले.

घरात विचारविनिमय झाला. मुलाची आई एवढेच म्हणाली, "तुम्हांला तेव्हा कोणी विचारले नाही, निदान त्याला तरी विचारा." वखारीचा अर्धा भाग रिकामा करून त्याला दिला. नव्या वहीत 'घाणा खाते' या नावाने पान उघडले आणि रक्कम त्याच्या नावे टाकली. देणगी म्हणून दिली नाही, कारण फुकट मिळालेल्या पैशाने मनुष्य निश्चिंत होतो. मुदत दोन वर्षांची ठरली. दोन वर्षेच का, असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही त्याला लोखंडी नांगराची गोष्ट सांगितली.

पहिल्या वर्षी ते खाते तोट्यात गेले. यंदा घाणा आपला खर्च भागवू लागला आहे, मात्र नफा म्हणावा असे अद्याप काही नाही. सकाळचे दोन तास तो पूर्ववत पेढीवर बसतो, कारण जुन्या उधाऱ्या आणि जुनी माणसे एका दिवसात सोडता येत नाहीत. घाणा चालेल की बंद पडेल, हे आज आम्हांस सांगता येणार नाही. परंतु घरातील एक बदल मात्र निश्चित सांगता येतो. पूर्वी रात्री जेवताना आम्ही दोघे भावांविषयी बोलत असू, आता कामाविषयी बोलतो. आणि कित्येक वर्षांनी आम्ही स्वतःच्या कामातील उणिवाही वहीत लिहू लागलो आहोत.

आपल्या संघातील वडीलधाऱ्या सभासदांना एक नम्र विनंती आहे. उद्या आपल्या घरातील मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा सून "मला समाधान वाटत नाही" असे म्हणत समोर आली, तर उत्तर देण्याची घाई करू नये. प्रथम विचारावे, "कशाचे?" आणि मग त्याची किंवा तिची वही पाहावयास मागावी. तरुणांना विनंती अशी की, तक्रार घेऊन येताना वही घेऊन यावे. असंतोष खरा असेल तर ती वही कोरी असणार नाही.

धनाच्या बाबतीत संतोष आणि कर्तव्याच्या बाबतीत असंतोष, ही दोन खाती ज्या घरात वेगवेगळी ठेवली जातात त्या घराचा ताळेबंद चुकत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. येत्या लक्ष्मीपूजनास आपण सर्वजण नव्या वह्या उघडू. त्यांतील एक पान घरातील धडपडणाऱ्या जीवाच्या नावे कोरे ठेवावे, एवढी प्रार्थना करून हा लेख येथे पुरा करतो.